भुसा फार उडतोय

साथ आली ती सगळ्या शहराला एकदाच आली. ऑपरेटरबाईंच्या घरी मात्र ती रोज सकाळी नव्याने यायची.

त्याचं कारण त्यांचे यजमान. रोज उठल्यावर ते दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, दाराजवळच्या स्टुलावर बसून बुटाच्या नाड्या बांधायचे आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारायचे, "अगं, डबा झाला का? उशीर होतोय."

"आज जायचं नाही," बाई म्हणायच्या.

"का? काय झालं?"

"बाहेर रोगाची साथ आहे. सगळं बंद आहे. माणसं मरतायत."

यजमानांचा चेहरा उतरायचा. "बाप रे! कधीपासून?" मग एकामागून एक प्रश्न. मुलगी कशी आहे? जावई कुठे आहेत? औषध निघालं की नाही? बाई उत्तरं द्यायच्या. ते सुन्न होऊन बसायचे. अर्ध्या तासाने उठायचे, पुन्हा स्टुलावर बसून नाड्या बघायचे आणि म्हणायचे, "अगं, डबा झाला का?"

पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यजमानांना सगळे मिस्त्री म्हणत. जन्म सुतारकामात गेला. गल्लीच्या टोकाला त्यांचा छोटा कारखाना होता, तो बंद करूनही आता बरीच वर्षं झाली होती आणि त्या जागेवर कोणीतरी मोटारी धुवायचं दुकान टाकलं होतं. अलीकडे त्यांच्या डोक्याच्या खिट्ट्या एकेक करून सैल होत गेल्या होत्या. जुनं सगळं जागच्या जागी होतं, काल झालेलं मात्र काही टिकत नव्हतं. डॉक्टरांनी आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं होतं. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. नाव कळून करायचं काय? निस्तरायचं तर त्यांनाच होतं.

बाईंची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमधली. सबंध नोकरी कानाला हेडफोन लावून, न दिसणाऱ्या माणसांशी बोलण्यात गेली. एक्स्चेंज कधीच इतिहासजमा झालं, पण बिल्डिंगमध्ये त्या ऑपरेटरबाईच राहिल्या. आवाजात एक सरळ धार होती. खोटं बोलणं त्यांना जमत नसे आणि कोणी बोललेलं खपतही नसे. समोरच्याने तोंड उघडायच्या आधी श्वास कसा घेतला यावरून हा गडी आता थाप मारणार की नाही, हे त्या ओळखायच्या.

साथीच्या आधी मिस्त्री रोज सकाळी जवळच्या एका केंद्रात जायचे. त्यांच्यासारखी विसराळू म्हातारी मंडळी तिथे बसायची, पत्ते खेळायची, गाणी ऐकायची. तेवढे दोन तास बाईंचे स्वतःचे. त्या वेळात त्या काही फार मोठं करत नसत. न्हायच्या, पेपर वाचायच्या, कधी नुसत्याच भिंतीकडे बघत बसायच्या. पण त्या दोन तासांवर उरलेले बावीस निभत होते. केंद्राला कुलूप लागलं. घरकामाला येणारी बाई यायची थांबली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, लिफ्ट नसलेल्या त्या बिल्डिंगमध्ये, दोघं एकमेकांच्या समोर उरली.

सुरुवातीला बाई रोज खरं सांगत राहिल्या. खरं ते खरं, त्यात काय लपवायचं! पण रोज त्या माणसाला तोच धक्का द्यायचा आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं रोज बघायचं, यात त्यांचा जीव मेटाकुटीला आला. त्यात मिस्त्रींचा थोरला भाऊ साथीत गेला. ते सांगितलं त्या दिवशी मिस्त्री लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दादाला फोन लाव गं, बरेच दिवस बोलणं नाही." बाईंच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

"दादा झोपलेत," त्या म्हणाल्या. "नंतर लावू."

एकदा जीभ विटाळली की पुढचं सोपं जातं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी नाड्या बांधायला घेतल्या तशा त्या म्हणाल्या, "अहो, आज रविवार."

"रविवार?" मिस्त्रींनी मान वर केली. "मग आधी नाही का सांगायचं! उगाच दाढी केली." आणि बूट काढून खुशाल खिडकीत जाऊन बसले.

तेव्हापासून त्या घरात रोज रविवार. क्वचित मिस्त्रींना शंका यायची. "या महिन्यात रविवार फार आले, नाही?" असं म्हणून ते बोटं मोजायला लागायचे. बाई विषय बदलायच्या.

मुलगी दुसऱ्या शहरात होती. गाड्या बंद, रस्ते बंद, तिला यायला मार्ग नव्हता. ती फोनवर यायची आणि नेहमीचं सुरू करायची.

"आई, गेल्या वर्षीच म्हणत होते, दोघं माझ्याकडे या. ऐकलंस का?"

"तुझ्याकडे यांना बाथरूम सापडणार नाही. इथे डोळे मिटून जातात."

"आणि तुझं काय? तुझे किती हाल होतायत."

"माझं काय व्हायचंय? हात-पाय चालतायत तोवर मी माझ्या घरात. पुढचं पुढे."

"तू म्हणजे ना, एक नंबरची हट्टी आहेस."

"मग? तुला काय वाटलं, तू कोणावर गेलीस?"

मुलगी हसायची आणि फोन ठेवायची. बाई मग फोन मांडीवर घेऊन बराच वेळ तशाच बसून राहायच्या. हसताना सुद्धा दम लागावा असे ते दिवस होते.

त्यांना मदत म्हणाल तर एकाचीच. खालच्या मजल्यावर एक व्यायामशाळावाला राहायचा. दंड असे की शर्टाच्या बाह्या फाटतील, पण रोगाला इतका भ्यायचा की विचारू नका. त्याला सगळे पैलवान म्हणत. व्यायामशाळा बंद, त्यामुळे बसून होता. सामान आणायला तो गेला की बाईंचंही आणायचा. पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवायचा, घंटी वाजवायचा आणि दार उघडायच्या आत अर्धा जिना उतरलेला असायचा.

"अरे, मी काय वाघ आहे का?" बाई वरून ओरडायच्या.

"वाघाला मी भीत नाही, काकू!" खालून उत्तर यायचं.

एक दिवस दुपारी बाई गॅसपाशी उभ्या होत्या. मिस्त्री बाहेरच्या खोलीतून आले आणि म्हणाले, "काहीतरी करपलंय."

"काही नाही करपलं."

"अगं, करपलंय. बघ तरी."

बाईंनी खाली पाहिलं. दूध पार आटून पातेल्याच्या बुडाला काळं झालं होतं आणि त्याचा धूर वर येत होता. त्यांना कसलाच वास आला नव्हता. त्यांनी साबण नाकाला लावला. काही नाही. कापलेला कांदा लावला. डोळ्यांत पाणी आलं, पण वास नाही. सकाळपासून अंग मोडून येत होतं, ते रोजच्यासारखंच थकल्यामुळे असेल असं त्यांनी धरलं होतं.

डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "तोच आहे. तुम्ही वेगळ्या खोलीत राहा. आजोबांना जवळ येऊ देऊ नका."

"आणि त्यांच्याकडे कोण बघणार?"

"दुसरं कोणी नाही का?"

"असतं तर तुम्हाला विचारलं असतं का?"

डॉक्टर तरी बिचारे काय करणार.

बाईंनी तापातच सगळी व्यवस्था लावली. सिलिंडर बंद करून त्याच्या तोंडाला टोपण घट्ट बसवलं. सुऱ्या कपाटात टाकल्या. मिस्त्रींची हत्यारं तर त्यांनी मागेच एका ओळखीच्या सुताराला देऊन टाकली होती, नको ती भानगड म्हणून. पैलवानाला फोन केला, तो दोन्ही वेळचं जेवण दाराशी ठेवायला तयार झाला. मग आतल्या खोलीत, जिला लागूनच दुसरं छोटं न्हाणीघर होतं, त्या जाऊन पडल्या आणि आतून कडी लावली. ते दार मिस्त्रींनीच केलेलं होतं. मुलगी मोठी झाली, तिला अभ्यासाला स्वतंत्र खोली पाहिजे म्हणून. आत पलंग आडवा येतो, तेव्हा दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं त्यांनी मुद्दाम बसवलं होतं.

"अहो, ऐका," बाई दाराला तोंड लावून म्हणाल्या. "मला ताप आहे. तुम्हाला लागेल म्हणून मी आत आहे. दार वाजवू नका. भूक लागली की बाहेर डबा आलेला असेल. कळलं?"

"कळलं की. आराम कर तू."

थोडा वेळ शांततेत गेला. मग दारावर टकटक.

"अगं? दार का लावलंस?"

बाईंनी पुन्हा सांगितलं. संध्याकाळपर्यंत किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही. घसा बसला, शब्द फुटेना, तेव्हा त्या गप्प झाल्या. आणि बाई गप्प झाल्या म्हटल्यावर मिस्त्रींनी आपल्या परीने अर्थ लावला. संसारात बाई गप्प होऊन दार लावून बसायच्या त्या एकाच कारणासाठी.

"रुसलीस होय?" ते दाराबाहेर खुर्ची ओढून बसले. "काय झालं ते तरी सांग. मी काही बोललो का?"

आतून उत्तर नाही.

"तुझ्या माहेरच्यांना काही बोललो? नाही, त्यांना मी तोंडावर कधी बोलत नाही." थोडं थांबून, "मागून बोललो असेन."

बाई अंगावर चादर ओढून पडल्या होत्या. हसू आलं, त्याचा खोकला झाला.

"बघ, हसलीस. आता दार उघड. हे बघ, मी कारखान्यातनं लवकर आलोय आज. फिरायला जाऊ. तुला ती बाग आवडते ना, तिकडे जाऊ. अगं, नवरा इतका वेळ दाराबाहेर बसलाय, शेजारपाजारचे काय म्हणतील?"

दोन दिवस हे असं चाललं. मिस्त्री मनधरणी करायचे, विसरायचे, पुन्हा नव्या दमाने सुरू करायचे. कधी लाडाने, कधी चिडून. "एवढा कसला तो ताठा!" असं म्हणून एकदा ते तणतणत खिडकीपाशी गेले, तिथवर जाईतो राग कशाचा तेच विसरले आणि परत येऊन काळजीने म्हणाले, "अगं, आत कोण आहे?" बाईंना तापात कधी झोप लागायची, कधी जाग यायची, आणि जाग आली की दारापलीकडे तो आवाज असायचाच.

तिसऱ्या दुपारी त्यांना ठकठक ऐकू आली. वरच्या मजल्यावर कोणी काही ठोकत असेल असं वाटून त्यांनी कूस बदलली. ठकठक थांबली, पुन्हा सुरू झाली. मग काहीतरी करकरलं आणि खोलीत उजेड आला. कडीच्या बाजूने नाही. बिजागऱ्यांच्या बाजूने.

मिस्त्रींनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा खिळा उपटला होता. खलबत्त्यातला बत्ता हातोडीसारखा धरून, तो खिळा खालून लावून, तिन्ही बिजागऱ्यांच्या पिना त्यांनी ठोकून वर काढल्या होत्या. जेवल्याचं ज्यांना आठवत नव्हतं, त्यांच्या हातांना एकूण एक पिन आठवत होती. त्यांनी दार अलगद बाहेर ओढलं, कडीतून सोडवलं, उचलून भिंतीला टेकवलं, आणि कडेवर साचलेली धूळ सवयीने फुंकून टाकली.

"अहो, नका येऊ! मागे व्हा!" बाईंनी चादर तोंडावर घेतली. "काय करून बसलात हे!"

मिस्त्री सरळ येऊन पलंगावर बसले. चादर बाजूला केली. कपाळावर हात ठेवला. मग त्यांचा चेहरा गोरामोरा झाला.

"अगं, तुला ताप आहे," ते म्हणाले. "सांगायचं नाही का?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओरडावं, ढकलून द्यावं, पैलवानाला हाक मारावी, सगळं मनात येऊन गेलं. पण अंगात त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तो हात गार होता. त्यांनी डोळे मिटले आणि रडू येऊ दिलं.

मिस्त्रींनी रुमाल ओला करून कपाळावर ठेवला. ठेवल्याचं विसरून पुन्हा ओला करून आणला. दिवस मावळेपर्यंत त्यांच्या खेपा चालल्या. उशी भिजली, गादी भिजली. एवढी सेवा बाईंची उभ्या जन्मात कोणी केली नव्हती.

व्हायचं तेच झालं. बाईंचा ताप उतरला आणि मिस्त्रींचा चढला. बाईंना उठून बसण्याइतपत बळ आलं तोवर ते खोकून खोकून वाकले होते. पैलवानाने बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा चिमटा कुठूनतरी मिळवून पिशवीतून वर पाठवला. बाईंनी तो आधी स्वतःला लावून पाहिला, मग मिस्त्रींना. डॉक्टरांना आकडा सांगितला. डॉक्टर म्हणाले, "घरी ठेवू नका. आता लगेच."

रुग्णवाहिका यायला खूप वेळ गेला. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं वर आली तीच धापा टाकत. जिन्याचं वळण अरुंद, स्ट्रेचर वळेना. त्यातला एक जण पायरीवर बसला आणि म्हणाला, "दोन मिनिटं थांबा, माझ्याच्याने उभं राहवत नाही." बाईंना त्याचा रागसुद्धा आला नाही.

एवढ्यात खालून पैलवान आला. अंगात रेनकोट, हातात भांडी घासायचे मोजे, डोळ्यांना पोहायचा चष्मा. वर आला तो थरथरत होता. "काकू, बाजूला व्हा," म्हणाला, आणि मिस्त्रींना लहान मूल उचलावं तसं दोन्ही हातांवर उचललं.

"अरे, खाली ठेव," मिस्त्री खोकत म्हणाले. "मी चालतो. लोक काय म्हणतील?"

"लोक घरात आहेत, काका. कोणी बघत नाही."

बाईंना बरोबर जाऊ देईनात. त्या गॅलरीत गेल्या. वरून त्यांना पैलवानाच्या खांद्यावरून लोंबणारा मिस्त्रींचा हात दिसला, मग गाडीचं दार लागलं, आणि गाडी मोकळ्या रस्त्यावरून उगाचच आवाज करत निघून गेली.

घरात आल्यावर त्यांनी काय केलं? ना देवाला हात जोडले, ना मुलीला फोन केला. त्या पलंगावर आडव्या झाल्या आणि झोपल्या. अशा झोपल्या की दुसऱ्या दिवशी उन्हं आत आली तेव्हाच जाग आली. कित्येक महिन्यांत एवढी सलग झोप लागली नव्हती. उठल्यावर अंग हलकं वाटलं, आणि ते हलकं वाटतंय हे ध्यानात आल्याबरोबर त्या ओशाळल्या. नवरा तिकडे श्वास मोजतोय आणि आपण इकडे घोरत पडलो! पण ओशाळून तरी किती ओशाळणार? त्यालाही ताकद लागते.

दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. वॉर्डातली सिस्टर होती.

"आजी, आजोबा कोणाचं ऐकत नाहीत. ऑक्सिजनचा मास्क काढून टाकतात. दोनदा पलंगावरून उतरले. हात बांधायची वेळ आली आहे. तुम्ही जरा बोलून बघता का?"

"द्या," बाई म्हणाल्या.

पलीकडे खरखर, यंत्रांची टीं टीं, कोणाचा तरी कण्हण्याचा आवाज. मग मिस्त्रींचा श्वास. बाईंनी तो लगेच ओळखला.

"अहो, मी बोलतेय."

"अगं, कुठेयस?" आवाज घाबरलेला, फुटलेला. "इथे सगळे तोंडं बांधलेले आहेत. एकाचंही तोंड दिसत नाही. मला सोडत नाहीत."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. खरं सांगायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून साथ, पुन्हा भीती. त्यांनी खुर्चीत पाठ सरळ केली आणि एक्स्चेंजमधला आवाज काढला, शांत आणि ठाम.

"तुम्ही साइटवर आहात. बाहेरगावचं काम घेतलंय ना? मोठं काम आहे, म्हणून मुक्काम."

"कसलं काम?"

"दारं. सगळ्या बिल्डिंगची दारं."

"हं." श्वास थोडा खाली बसला. "मशीन चालू आहेत खूप. आवाज येतोय."

"येणारच. आणि भुसा फार उडतोय तिथे, म्हणून सगळ्यांनी तोंडं बांधलीत. तुम्हीसुद्धा तोंडावरचं काढू नका. भुसा छातीत गेला की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"माझ्या बापाला तेच झालं," मिस्त्री म्हणाले.

"तेच म्हणते मी. ठेवा बघू तोंडावर."

खुसफुस झाली. सिस्टर फोनवर आली. "ठेवला! आजी, स्वतःच्या हाताने लावला." तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता.

"तुम्ही जेवलात का?" बाईंनी विचारलं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "उद्या याच वेळी लावते," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

मग रोज दुपारी फोन. रोज नव्याने साइट, दारं, भुसा. बाईंना स्वतःला अजून दोन वाक्यांत दम लागायचा. फोनच्या आधी त्या पडून राहायच्या, शक्ती साठवायच्या, आणि फोन झाला की पुन्हा पडायच्या. थापा मात्र सराईतासारख्या सुटत होत्या. लाकूड कुठलं आलंय, मालक कसा खडूस आहे, दोन हाताखालची माणसं कशी कामचुकार आहेत. मिस्त्री ऐकायचे, हुंकार द्यायचे. पुढे पुढे हुंकारही बारीक झाला.

एक दिवस फोन आला नाही. बाईंनी वाट पाहिली, मग स्वतः लावला. लागेना. लागला तर पलीकडचे "होल्ड करा" म्हणाले आणि बाई संगीत ऐकत बसल्या. सबंध नोकरीत त्यांनी लोकांना "थांबा, जोडून देते" म्हटलं होतं, पण थांबणारा पलीकडे काय भोगत असेल याचा विचार कधी केला नव्हता. संध्याकाळ होत आली तेव्हा एका तरुण डॉक्टरने फोन घेतला. बोलायच्या आधी त्याने श्वास घेतला. बाईंनी तो ऐकला.

"त्यांना आत, आयसीयूत हलवलंय, आजी. काल त्रास वाढला. पुढचे काही दिवस काही सांगता येणार नाही."

"खरं बोललात," बाई म्हणाल्या. "बरं केलंत."

ते दिवस कसे गेले ते त्यांना पुढे कधी नीट आठवलं नाही. मुलगी फोनवर नुसती बसून राहायची, दोघी बोलायच्या नाहीत. पैलवान आता जेवण ठेवून पळत नसे. पायरीवर बसून म्हणायचा, "काकू, खाताय ना? आवाज येऊ दे, खाल्ल्याचा." बाई चमचा ताटावर आपटून दाखवायच्या.

पण मिस्त्री चिवट निघाले. हाडाचे सुतार, लाकडासारखेच सुकले पण मोडले नाहीत. ते परत आले तेव्हा झाडांना नवी पानं फुटली होती आणि काही दुकानं अर्धी उघडू लागली होती. पैलवानानेच त्यांना वर आणलं. या खेपेला रेनकोट नव्हता. "काका, वजन कुठे टाकून आलात?" तो म्हणाला. मिस्त्री त्याच्याकडे बघून हसले. ओळखलं नव्हतं.

बाईंनाही ते लगेच ओळखत असतील असं वाटेना. आवाज ऐकला की मान वळवायचे, एवढंच. सकाळी बाई उठवतील तेव्हा उठायचे, बसवतील तिथे बसायचे. दाढी बाईच करायच्या. स्टूल दाराजवळ होतं, बूट होते, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. चार-सहा सकाळी अशाच गेल्या. मग बाईंना राहवेना.

"अहो," त्या म्हणाल्या, "आज कामाला नाही जायचं?"

मिस्त्री विचारात पडले. "कुठल्या?" त्यांनी विचारलं.

बाईंना वाटलं होतं, ती रोजची कटकट संपली तर सुटल्यासारखं होईल. पण तसं काही झालं नाही. त्या आत गेल्या, गॅसपाशी उभ्या राहिल्या आणि काय करायला आलो होतो तेच त्यांना आठवेना.

गाड्या सुरू झाल्या तशी मुलगी आली. येताना ती वाटभर तयारी करून आली होती. आई काय म्हणणार, त्यावर आपण काय म्हणायचं, जावयांनी फोनवर कुठे बोलायचं, सगळं ठरवलेलं. आल्याबरोबर तिने बापाला मिठी मारली. तो अवघडून उभा राहिला, मग तिच्या पाठीवरून हात फिरवला, परक्या बाईच्या पाठीवरून फिरवावा तसा जपून. मुलीने चटकन तोंड फिरवलं. जेवणं झाली, भांडी झाली, आणि तिने आईला समोर बसवलं.

"आई, मी काय म्हणते ते आधी पूर्ण ऐकून घे. मधे बोलू नकोस. चिडू नकोस. आमची खालची खोली रिकामी आहे, बाथरूम लागूनच आहे, तिथे बाबांना—"

"येते," बाई म्हणाल्या.

"नाही, आधी ऐक ना. बाथरूम लागूनच आहे, आणि दिवसा एक बाई ठेवता येईल, आणि तुला वाटत असेल की—"

"अगं, येते म्हटलं. दोघंही येतो."

मुलगी थांबली. तिने आईकडे पाहिलं, मग आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुला बरं वाटत नाहीये का?"

"बरी आहे. थकलेय." बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी एकटी हे नाही ओढू शकत आता. ओढलं असतं गं. ताकद असती तर तुझं ऐकलं नसतं, हे लक्षात ठेव."

मुलगी एवढी मोठी, पोराबाळांची बाई, पण जेवणाच्या टेबलावर डोकं ठेवून ती हुंदके देऊन रडायला लागली. भांडायला आलेल्या माणसाला भांडण मिळालं नाही की त्याचं जे होतं ते तिचं झालं. मिस्त्री पलीकडच्या खुर्चीतून कोण रडतंय ते बघत राहिले.

बाईंनी तिला थोडा वेळ रडू दिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पुरे आता," त्या म्हणाल्या. "ऊठ, माळ्यावरची मोठी बॅग खाली काढ. माझा हात वर जात नाही."